भंगारातला पाइप आणि परीक्षेचा जोड

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) लागते. धाम नदीच्या खोऱ्यातले हे शेतकरी गाव. अशा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानाचे वर्ष शेतीच्या हंगामावर चालते. पेरणीच्या तोंडावर वखर, डवरे आणि कल्टिव्हेटरचे फण दुरुस्तीला येतात, कापूस निघू लागला की ट्रॉलीच्या फळ्या नि हुक, उन्हाळ्यात गेट, ग्रिल आणि गोठ्याचे शेड. या कामावर हात बसलेला पोरगा दोन-चार वर्षांत चांगला कारागीर होतो. मात्र कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रात, नाहीतर बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात पाइप वेल्डर म्हणून जायचे झाले, तर त्याची परीक्षा फणावर किंवा ग्रिलवर होत नाही. त्याच्यासमोर ४५ अंशांत तिरपा बसवलेला पाइपचा जोड ठेवतात. तो पाइप फिरवायचा नसतो. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरून जोड पुरा करायचा असतो.

या स्थितीला ‘सिक्स जी’ म्हणतात. पाइप आडवा ठेवून फिरवत वेल्ड केला तर ‘वन जी’, उभ्या पाइपचा आडवा जोड ‘टू जी’, आडवा पाइप जागचा न हलवता वेल्ड केला तर ‘फाइव्ह जी’. सिक्स जीमध्ये एकाच जोडात डोक्यावरचे, उभे, आडवे आणि सपाट असे सगळे वेल्डिंग येते. म्हणूनच ‘एएसएमई’ या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेच्या नवव्या भागानुसार सिक्स जीत उत्तीर्ण झालेला वेल्डर बाकीच्या सगळ्या स्थितींसाठीही पात्र धरला जातो. बॉयलरवर काम करायचे तर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० प्रमाणे वेगळी पात्रता लागते आणि राज्यात ती बाष्पके संचालनालयामार्फत तपासली जाते. इतकी कडक तपासणी विनाकारण नाही. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि कोराडीत ६६० मेगावॅटचे संच चालतात. अशा संचाच्या बॉयलरमधली एक नळी गळू लागली, तर आख्खा संच बंद करून दुरुस्ती करावी लागते.

गावातल्या शिकाऊ वेल्डरची अडचण हाताची नसते, लोखंडाची असते. प्रत्येक सरावाच्या जोडाला पाइपचे दोन तुकडे लागतात आणि हात बसायला असे पुष्कळ जोड करावे लागतात. आयटीआयचा वेल्डर ट्रेड आठवी उत्तीर्णांसाठी एक वर्षाचा आहे, पण तिथेही सरावाचा माल मुलांच्या संख्येत वाटला जातो. स्वतःच्या खिशातून सहा मीटरचा नवा पाइप आणून कापत बसणे सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे सराव स्वस्तात करायचा, तर आधी पाइपचे गणित समजून घ्यावे लागते.

पहिला प्रश्न मापाचा. मोठा पाइप म्हणजे मोठी परीक्षा, असा अनेकांचा समज असतो. एएसएमईचा नियम उलट आहे. परीक्षेचा तुकडा बाहेरून ७३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा असेल, तर वेल्डर ७३ मिलिमीटर आणि त्यावरच्या पाइपांसाठी पात्र होतो. तुकडा २५ ते ७३ मिलिमीटरच्या मधला असेल, तर पात्रता थेट २५ मिलिमीटरपासून सुरू होते आणि वर कितीही मोठ्या व्यासापर्यंत जाते. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. म्हणजे दोन इंचीवर पास झालेला वेल्डर सहा इंचीवर पास झालेल्यापेक्षा जास्त कामांना चालतो. जाडीचाही असाच हिशेब आहे. साधारणपणे जेवढ्या जाडीचा तुकडा वेल्ड केला, त्याच्या दुपटीपर्यंत पात्रता मिळते. म्हणून परीक्षेत बऱ्याचदा ८.७४ मिलिमीटर जाडीचा, ‘शेड्यूल १६०’चा दोन इंची तुकडा देतात.

लहान पाइप खिशालाही परवडतो. दोन इंचीचा घेर १८९ मिलिमीटर, चार इंचीचा ३५९, म्हणजे एका जोडाला रॉड आणि वेळ दोन्ही निम्म्याने लागतात. पण लहान पाइपवर वळण भराभर बदलते आणि रॉडचा कोन क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. म्हणून सुरुवात तीन किंवा चार इंचीवर करावी आणि हात स्थिर झाला की दोन इंचीवर यावे. शिकायला हा क्रम सोपा पडतो आणि परीक्षेलाही तोच उपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न जाडीचा. बाजारात मिळणारे साधे लोखंडी पाइप आयएस १२३९ या भारतीय मानकाचे असतात. त्यांचे तीन वर्ग आहेत: हलका, मध्यम आणि जड. दुकानात त्यांना ए, बी आणि सी क्लास म्हणतात. नव्या पाइपवर रंगाचा पट्टा असतो: ए क्लासला पिवळा, बी क्लासला निळा, सी क्लासला लाल. तीन इंची पाइपची जाडी या क्रमाने ३.२, ४ आणि ४.८ मिलिमीटर असते. ए क्लासवर शिकाऊ वेल्डरचा हात जरा रेंगाळला की भोक पडते. तळाचा रूट, त्यावरचा हॉट पास, भराई आणि वरचा थर असे थर नीट वेगळे करायला सी क्लासच बरा.

भंगारात पट्ट्याचा रंग उरलेला नसतो. तिथे वजन कामी येते. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, येणाऱ्या आकड्याला पुन्हा जाडीने गुणायचे आणि मग ०.०२४६६ ने गुणायचे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. या सूत्राने तीन इंची सी क्लास मीटरला सुमारे १० किलो भरतो आणि बी क्लास ८.४ किलो. म्हणजे एक फुटाचा तुकडा तराजूवर टाकला आणि तो तीन किलोच्या आसपास भरला, तर सी क्लास. अडीच किलो भरला, तर बी क्लास. त्याहून फारच हलका निघाला, तर ए क्लास किंवा गंजाने आतून खाल्लेला असणार. व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर दोरी चालते. दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावे.

माल कुठून आणावा? सगळ्यात चांगला स्वस्त माल आग विझवण्याच्या पाइपलाइनच्या कामातून मिळतो. मोठ्या इमारती, गोदामे, जिनिंग, कारखाने यांच्या हायड्रंट लाइनला बहुधा काळा, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेला, सी क्लास पाइप लागतो, तोही तीन, चार, सहा इंची. काम संपल्यावर फूट-दीड फुटाचे तुकडे उरतात. ठेकेदाराला ते कुठेच जोडता येत नाहीत आणि शेवटी भंगारात जातात. वर्धा नि देवळीच्या औद्योगिक वसाहती, त्यापुढे बुटीबोरी आणि हिंगणा, इथल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांतही असेच कटपीस साचतात. ते भंगाराच्या भावाने किलोवर मागितले, तर मालक सहसा नाही म्हणत नाही. नवा पाइप पूर्ण लांबीचा घ्यावा लागतो. इथे हवा तेवढाच घेता येतो.

कबाड्याकडे जाताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. कास्ट आयर्नचा पाइप या सरावाला निरुपयोगी, तो तडकतो. ग्राइंडरची ठिणगी पाहिली की ओळख पटते. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळट-पांढऱ्या निघतात आणि त्यांना फाटे कमी असतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या चाकाजवळच फुटून झाडासारख्या पसरतात. कास्ट आयर्नच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. बोअरवेल खोदायच्या यंत्राचे जुने रॉड जाड आणि घट्ट दिसतात, म्हणून मोह होतो; पण त्यांचे पोलाद वेगळे असते आणि साध्या रॉडने केलेला जोड थंड होताना तडकू शकतो. जुन्या बॉयलरच्या नळ्यांत क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असू शकते. त्यांना आधी तापवल्याशिवाय वेल्ड करणे चूक आहे, म्हणून शिकाऊ वेल्डरने त्या बाजूलाच ठेवाव्यात.

गावात सगळ्यात सहज मिळतो तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पाइप. विहिरीवरच्या मोटारीचे जुने पाइप आणि इंडिया मार्क टू हातपंपाच्या ३२ मिलिमीटरच्या नळ्या याच जातीच्या. इथे शिकाऊ वेल्डरने थांबून विचार करावा. जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि वेल्डिंगच्या आर्कमध्ये लोखंड त्याहून किती तरी जास्त तापते. जस्ताचा पांढरा धूर निघून श्वासात जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग दुखते. दूध किंवा गूळ खाल्ल्याने हे टळते, असे अनेक कारागीर सांगतात, पण ते खरे नाही. धूर श्वासात जाऊ न देणे हाच उपाय. जीआय वापरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन इंच मुलामा ग्राइंडरने काढून टाकावा. बाहेरचा काढतात आणि आतला विसरतात, आतलाही काढावा. काम उघड्यावर, वारा पाठीवरून येईल असे उभे राहून करावे. मुळात काळा पाइप मिळत असताना हा व्याप करू नये.

रंगवलेल्या जुन्या पाइपच्या लाल थरात शिसे असू शकते, तोही आधी खरवडावा. फवारणीचे पंप, औषधांचे डबे, डिझेलच्या टाक्या, दोन्ही तोंडे बंद असलेली कुठलीही नळी, यांच्या वाटेला जाऊच नये. आत उरलेली वाफ पेटून स्फोट होतो. आणखी एक गोष्ट कायद्याची. पाणीपुरवठ्याचे पाइप नि हातपंपाच्या नळ्या चोरून भंगारात विकल्या जातात. चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून दोन-पाच किलो का असेना, पावती घ्यावी.

आता तयारी. जोड चांगला होणार की नाही, हे अर्धेअधिक इथेच ठरते.

तुकडा तीन ते चार इंच लांब ठेवावा. त्याहून आखूड रिंग लगेच तापून लाल होते आणि वेल्डरच्या हाताला चुकीची सवय लागते, कारण खऱ्या कामावरचा लांब पाइप उष्णता ओढून नेतो. कापायची रेघ सरळ यावी यासाठी जाड कागदाची किंवा जुन्या रबराची सरळ कडेची पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळावी. दोन्ही टोके एकमेकांवर तंतोतंत बसली, की रेघ काटकोनात आली समजावे. त्या कडेने खडू ओढावा, मग चॉप सॉ, हॅक्सॉ किंवा चार इंची ग्राइंडरने कापावे. कापल्यावर तुकडा सपाट पत्र्यावर उभा करून गुण्या लावून पाहावा. डोलला तर कानस घेऊन आधी तोंड सरळ करावे.

पुढे कड तिरकी करायची, म्हणजेच बेव्हल काढायचा. एका तोंडाचा कोन ३० ते ३७.५ अंश ठेवतात. शिकाऊ वेल्डरला नेमका कोन धरता येत नाही, पण रेघ धरता येते. सी क्लास तीन इंचीची जाडी ४.८ मिलिमीटर. त्यातली १.५ मिलिमीटरची बोथट कड, जिला रूट फेस म्हणतात, तशीच राखायची. उरते ३.३. कोन ३५ अंशांचा घेतला तर या ३.३ च्या सात दशांश, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, एवढे अंतर तोंडापासून बाहेरच्या अंगावर मोजून गोल रेघ मारावी. ग्राइंडिंग डिस्कने रेघ पुसली जाईपर्यंत आणि खालची बोथट कड दीड मिलिमीटर उरेपर्यंत घासावे. बेव्हल आपोआप बरोबर येतो. तपासायला पत्र्याचा ३५ अंशांचा छोटा नमुना कापून ठेवला की काम झाले. हे घासताना कटिंगची पातळ चकती वापरू नये. ती कडेने दाब आला की फुटते. गार्ड काढून ग्राइंडर चालवू नये आणि चष्म्याशिवाय तर नाहीच.

बेव्हलपासून बाहेर आणि आत, दोन्हीकडे इंचभर जागा चकचकीत करावी. गंज, तेल, रंग किंवा ओल राहिली तर जोडात छिद्रे येतात. बहुतेक साधे पाइप पत्रा वळवून शिवलेले असतात आणि आतल्या बाजूला त्या शिवणीचा उंचवटा असतो. तोंडाजवळचा हा उंचवटा कानसाने सपाट करावा आणि दोन तुकडे जोडताना शिवणी समोरासमोर येऊ देऊ नयेत.

मग फिटिंग. अँगलचा लांब तुकडा पन्हळासारखा तोंड वर करून ठेवून त्यात दोन्ही रिंग झोपवल्या की त्या आपोआप एका रेषेत येतात. मधली फट ठेवायला वेगळे गेज लागत नाही. ‘बारा नंबर’च्या रॉडचा फ्लक्स झाडला की आतली तार २.५ मिलिमीटरची मिळते. ‘दहा नंबर’ची ३.१५ मिलिमीटरची. तार वाकवून फटीत बसवायची, चार ठिकाणी, घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या जागी छोटे टाके, म्हणजे टॅक, मारायचे आणि तार काढून घ्यायची. प्रत्येक टॅकची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करावीत, म्हणजे रूट त्यात विरघळून जातो. नाहीतर तिथेच आतून जोड अर्धवट राहतो.

सिक्स जीचा स्टँड विकत घेण्याचीही गरज नाही. दुकानातल्या खांबाला छातीच्या उंचीवर पाइपचा एक आधार वेल्ड करून त्यावर तुकडा टॅकने पकडायचा. ४५ अंश तपासायला शाळेच्या कंपास पेटीतला ४५ अंशांचा काटकोन त्रिकोण पुरतो.

रॉडचा खर्चही कमी नसतो. ‘६०१३’ हा गावातल्या प्रत्येक दुकानात मिळणारा, जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवरही चालणारा रॉड. पाइपच्या बाहेरच्या अंगावर नुसत्या रेषा ओढायला आणि हाताची चाल बसवायला तो उत्तम. एका रिंगच्या अंगावर अशा अनेक रेषा बसतात, त्यासाठी बेव्हल काढायचीही गरज नाही. पण परीक्षा ‘७०१८’ची असते आणि अनेक ठिकाणी रूट टिगने, म्हणजे कारागीर ज्याला आर्गन म्हणतात त्याने, करून वर ७०१८चे थर द्यावे लागतात. ७०१८ ओल शोषून घेतो. विदर्भाच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा वापरला तर जोडात हायड्रोजन शिरतो. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि ओले झाले असतील तर पुड्यावर छापलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये भाजून घ्यावेत.

खरी बचत होते ती एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरल्याने. जोड झाला, तपासला, की त्याच्या दोन्ही बाजूंनी कापून वेल्डचा पट्टा काढून टाकायचा आणि त्याच रिंगवर नवा बेव्हल काढायचा. प्रत्येक वेळी एका बाजूचे जेमतेम सेंटिमीटरभर लोखंड जाते. रिंगला दोन तोंडे असतात, दोन्ही वापरावीत. एक थर देऊन लगेच त्यावरच पुढचा थर दाबत बसण्यापेक्षा तीन-चार जोड एकदम फिट करून ठेवावेत आणि एक गार होईपर्यंत दुसऱ्यावर काम करावे. पाण्यात बुडवून गार करू नये. शेवटी उरलेल्या आखूड रिंग कबाड्याला किलोवर परत विकता येतात. घेतलेले बहुतेक वजन परत जाते. म्हणजे सरावाच्या पाइपचा खरा खर्च म्हणजे घेतल्या-विकल्या भावातला फरक आणि कापण्यात उडालेला भुगा, एवढाच.

जोड तपासायलाही प्रयोगशाळा लागत नाही. आत टॉर्च टाकून रूट पाहावा: सगळीकडे सारखा उतरलेला, किंचित उंच, मध्ये खड्डा किंवा न विरघळलेली कड नाही. ज्या रिंग पुन्हा वापरायच्या नाहीत त्यांच्यातून जोड आडवा छेदणारी सुमारे २० मिलिमीटर रुंद पट्टी कापून, वेल्डचा वरचा नि आतला फुगवटा घासून, व्हाइसमध्ये रूट बाहेरच्या बाजूला येईल अशी वाकवावी. एएसएमईच्या वाकवण्याच्या चाचणीत ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर तुकडा नापास. व्हाइस आणि हातोड्याची चाचणी त्या साच्याइतकी नेमकी नसते, पण रूटमधला दोष ती लपू देत नाही. पट्टी उघडली तर दोष कुठे, हे बघून पुढच्या जोडात तीच जागा सांभाळता येते.

परीक्षेच्या आधीच्या काही जोडांसाठी मात्र शिवण नसलेला, म्हणजे सीमलेस, शेड्यूल ८० किंवा १६०चा दोन इंची पाइप घ्यावा. त्याच्या जाडीत थर जास्त लागतात आणि उष्णता वेगळी वागते. सगळा सराव भंगारावर करून ऐन परीक्षेत पहिल्यांदा असा तुकडा हातात घेणे धोक्याचे.

समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो, नवे प्रकल्प येत आहेत, पाइप वेल्डरला काम आहे. वर्धा, देवळी आणि बुटीबोरीच्या फॅब्रिकेशनवाल्यांना आणि फायर लाइनच्या ठेकेदारांना एक विनंती: काळ्या सी क्लास पाइपचे सहा इंचांहून लांब तुकडे भंगाराच्या ढिगात फेकण्याऐवजी वेगळ्या पेटीत ठेवा आणि जवळच्या आयटीआयला किंवा शिकणाऱ्या पोरांना भंगाराच्याच भावाने द्या. तुमचे नुकसान काही नाही, आणि आंजीसारख्या गावातल्या वेल्डरला परीक्षेला बसण्याआधी पुरेसे जोड करायला मिळतील.